ठरावातून गाळलेला शब्द

१४ ऑक्टोबर
आज सुनंदाने डाव्या स्तनातली गाठ दाखवली. लिंबाएवढी. भावजय माझी, एका घरात राहतो, एका ताटातलं जेवतो. वर्षभर लपवली. का, ते कळल्यावर लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगण्याची हिंमत नाही.

यंदाच्या कार्यक्रमाच्या गुलाबी फिती शिवत होती. मी म्हटलं, टाके जवळजवळ घाल. तिने सुई ठेवली. ‘अक्का, जरा आत येता?’

१५ ऑक्टो.
गेल्या वर्षीचं आठवून काढते आहे. स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना, असा वॉर्ड समितीचा ठराव. अध्यक्ष मी. ‘स्तन’ हा शब्द नको म्हणून मीच ते खोडलं, वर ‘महिलांचे आरोग्य’ लिहिलं. आरोग्यकेंद्राची डॉक्टर मुलगी म्हणाली, ‘मॅडम, मग बायकांना कळणार कसं?’ मी म्हटलं, ‘समोर वडीलधारे बसतात. ज्यांना कळायचं त्यांना कळतं.’

त्या कार्यक्रमात सु. दुसऱ्या रांगेत होती. तेव्हा गाठ वाटाण्याएवढी. काल म्हणाली, ‘तुम्ही माइकवर वाचाल, मग घरी सांगणं सोपं जाईल, असं वाटलं होतं. तुम्ही नावच घेतलं नाहीत. म्हटलं, बी.ए. झालेल्या अक्कांना लाज, तर मी कोण?’
तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. तेच सहन होत नाही.

१६ ऑक्टो.
तपासणी. डॉक्टरांनी विचारलं, कुठे त्रास? सु. माझ्याकडे बघते. माझ्या तोंडून निघालं, ‘इथे.’ बोट स्वतःच्या पदराकडे. अजूनही!
सुई घालून नमुना घेतला.

वसंताला, सु.च्या नवऱ्याला, सांगायला दाजीबानपेठेत त्याच्या कापडाच्या दुकानी गेले. गिऱ्हाईक उठेपर्यंत थांबले. सगळं नीट नाव घेऊन सांगितलं. तो आधी म्हणाला, ‘अक्का, हळू. नोकर ऐकतात.’ मग तागे तसेच उघडे टाकून खाली बसला. माझाच भाऊ. त्याला कशाला नावं ठेवू.

१८ ऑक्टो.
समितीचा क्लार्क महांतेश सहीला ठरावाचा कागद घेऊन आला. गेल्या वर्षीचाच मजकूर, साल तेवढं बदललेलं. मी शब्द परत घातला.
‘ब्याडरी अक्का, नको! मंजूर झालेला मजकूर आहे.’
‘तेव्हाही मीच मंजूर केला होता.’
‘फोटो निघतो, पेढे वाटतात, झालं की हो. पुढच्या महिन्यात मधुमेहाचा ठराव आहे, त्यालाही पेढेच सांगितलेत.’
हसू आलं. मग स्वतःचाच राग आला.

२१ ऑक्टो.
कार्यक्रमात ठराव वाचला. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. शब्दापाशी आवाज चिरकला. पुढच्या रांगेतले एक अप्पा खोकले, दोघे मोबाइलमध्ये गेले. बायका मान खाली घालून फितींशी चाळा करत होत्या. टाळ्या गेल्या वर्षीपेक्षा कमी.
सु. आली नव्हती. तिच्यासाठी वाचायला हवा होता तो गेल्या वर्षी.

नंतर हात धुवायला गेले तर कलघटगीहून लेकीकडे आलेली एक बाई मागोमाग आली. नळ चालू ठेवून छातीशी हात धरून उभी राहिली. मी तिला डॉक्टर मुलीकडे घेऊन गेले. तिचं पुढे काय झालं, ठाऊक नाही.

३० ऑक्टो.
रिपोर्ट आला. तोच रोग. मी विचारलं, वर्षभर आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, ‘आता पुढचं बघू या.’ म्हणजे उत्तर मिळालं.

१२ नोव्हेंबर
ऑपरेशन. आत नेण्यापूर्वी नर्सने दागिने काढायला सांगितले. वसंत औषधं आणायला गेलेला. सु.ने मंगळसूत्र माझ्यापुढे धरलं. मी विधवा, दुसरी कुणी सवाष्ण दिसते का, म्हणून इकडेतिकडे बघितलं. तिने ओळखलं.
‘पुन्हा लाज? धरा, अक्का.’
धरलं.

तिने दिलं, मी घेतलं: मंगळसूत्र, कुड्या, जोडवी, हिरव्या बांगड्या. बांगड्या साबण लावून काढल्या, एकही फुटू दिली नाही. सगळं माझ्या रुमालात, रुमाल मांडीवर. दार अजून बंद आहे.