बाळंतिणीचं तूप

उस्मानपुरा, मंगळवार

प्रिय मेघा,

डिंकाच्या लाडवाच्या पानाचा फोटो मागितलास, मी अख्खी वहीच कुरिअर करतेय, त्यातच हे पत्र. फोनवर बोलायची सोय नाही बाई. तुझा फोन आला की तुझे पप्पा आधी स्पीकर लावायला सांगतात. ही वही मात्र या घरातला कुठलाच पुरुष उघडत नाही.

जपून उघड, तेलानं पानं चिकटलीत. अक्षर माझं, बोल तुझ्या आजीचे. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात त्या पाटावर बसून सांगायच्या आणि मी लिहायचे. येसराच्या आमटीला दोन मुठी येसराचं भाजकं पीठ, असं लिहिलं. मूठ त्यांची, हात माझा एवढासा! वर्षभर आमटी पाणचट व्हायची आणि मी बोलणी खायचे. एकदा त्यांचा हात डब्यात जाताना पाहिला नि कपाळावर हात मारून घेतला.

पानांच्या कडेला बघ. काकांना लसूण नको, पप्पांना वांग्याचं देठ नको, आजोबांना भाकरी कडक हवी. एकाही बाईला काय आवडतं ते कुठंच नाही. परवा मीच पेन घेऊन बसले, म्हटलं शालूचं, म्हणजे माझंच, लिहावं. काही आठवेना गं. मग कुकरची शिट्टी झाली आणि उठले.

आता बाळंतिणीचं पान. वाचून संतापू नकोस. नाही, संतापच. मुलगा झाला तर सव्वा महिना तूप, मुलगी झाली तर बारा दिवस. वळणदार अक्षरात मीच लिहिलंय, मुकाट्यानं. वैजापूरला माहेरी माझी आई उरली नव्हती, म्हणून तू इथंच झालीस. तेराव्या दिवशी माझ्या ताटात कोरडी भाकरी आली. मी रडले तर आजींनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, मला तर तेवढंही मिळालं नव्हतं. त्या दुष्ट नव्हत्या, त्याचाच मला जास्त राग येतो.

आजी गेल्या, पण माझं काही सुटलं नाही. गेल्या दिवाळीत भावाकडं दोन दिवस जाऊन येते म्हटलं, तर पप्पा म्हणाले, मग आमच्या जेवणाचं काय? रागावले नव्हते, खरंच विचारत होते. मी भरलेली पिशवी रिकामी केली, गेले नाही.

आता नीट ऐक. पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणून सातव्या महिन्यात तुला इकडं आणायचं पप्पांनी ठरवलंय. तू येऊ नकोस. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय म्हण आणि आईलाच नाशिकला पाठवा म्हण. फोन जावईबापूंना करायला लाव, त्यांचा शब्द पप्पा मोडत नाहीत. या घरातून बाईला बाहेर पडायला लेकीचं बाळंतपण हे एकच कारण चालतं, आणि मला एकच लेक आहे. सव्वा महिना झाला की मीच पिशवी भरायला घेईन, इकडं सगळ्यांचे हाल होत असतील म्हणेन, सवयच आहे तशी. तेव्हा माझं ऐकू नकोस, मेघा. मला परत पाठवू नकोस.

तुझीच आस धरून बसलेली,
आई