आईच्या उपासांचा तुलनात्मक अभ्यास

३ जून, मंगळवार
आजारी माणसाने उपास सोडला तर देव रागावतो का? मला सांगता येत नाही. डॉक्टरांनी आज आईचे मंगळवार आणि चतुर्थ्या बंद केल्या. शुगरच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलात तर कुठेतरी चक्कर येऊन पडाल, म्हणाले. आई म्हणते, डॉक्टरला देवाचं काय कळतंय? तू शिकलीस ना, पोथीत लिहिलेलं दाखव, लगेच सोडते.
दाखवणार. एका पोथीत कशाला, सगळ्या धर्मांच्या ग्रंथांत. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी. रोज पन्नास पानं.

५ जून
कॅम्प दोनच्या रद्दीवाल्याकडून जुनी पुस्तकं आणली. आईने सगळी देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. आता आंघोळीशिवाय हात लावायचा नाही. नळाला पाणी नव्हतं. वाचन शून्य. पण कॅलेंडरच्या मागे तक्ता आखला, पाच रंगांत. महेशदादा विचारतो, रांगोळी काढतेस का? दहावीला दोनदा बसलेल्या भावाकडे दुर्लक्ष केलं.

९ जून
यश! मुसलमानांच्या ग्रंथात साफ आहे: आजाऱ्याला सूट, राहिलेले दिवस मागाहून भरायचे. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शेवटचं तेवढं ऐकलं. मार्चमध्ये तापात दोन चतुर्थ्या बुडाल्या होत्या, त्या गुरुवारी-शुक्रवारी भरून काढणार आहे.
तक्त्यात ‘अनुकूल’ लिहिलं.

१३ जून
जैनांचे उपास. नुसतं उकळलेलं पाणी. आई म्हणाली, आणि आपण खिचडी चापतो! साबुदाणा बंद.
संशोधनात असे टप्पे येतात.

१७ जून, मंगळवार
ख्रिस्ती ग्रंथ म्हणतो, उपास चेहरा पाडून लोकांना दाखवू नये, गुपचूप करावा. आईला फार पटलं. आणि आज मंगळवार असून तिने आमच्याबरोबर ताट वाढून घेतलं! अभ्यास फळाला आला. निष्कर्ष लिहायला बसले.

२४ जून, मंगळवार
आई कुळगावच्या भाजीबाजारात चक्कर येऊन पडली. शेजारच्या भावनाआंटींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आज कळलं, उपास चालूच होता; मागच्या मंगळवारी आईने पोळ्या पदराआड नेऊन कुत्र्याला घातल्या होत्या. मी समोर बसून निष्कर्ष लिहीत होते. ओरडले तर म्हणाली, तूच वाचलंस ना, गुपचूप करावा?
सलाईन लागल्यावर भावनाआंटी तिच्यावर उखडल्या. कौसा (त्या आईला अशीच हाक मारतात), पागल है क्या? नहीं होता तो पोरीला दे ना तुझे उपास. माझ्या सासूने मला दिले, मैं करती है ना!
आई म्हणाली, हे चालेल.
मी विचारलं, हे कुठल्या ग्रंथात आहे?
दोघी बोटांवर माझ्या चतुर्थ्या मोजायला लागल्या.

१ जुलै, मंगळवार, दुपारी
कॅलेंडर सुलटं करून भिंतीला लावलं. तक्ता भिंतीकडे. सकाळी देव्हाऱ्यासमोर आईने माझ्या हातावर पाणी सोडलं, मी तिचे सगळे उपास घेतले. अकरालाच भूक लागली. साबुदाणा आईने पुन्हा चालू केला, माझ्यापुरता. कुठल्याही ग्रंथाला न विचारता.
आई पूर्ण ताट जेवली. मी पदराखाली पाहून घेतलं.