रेषेबाहेरचा पाय

शिरूर,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सतीश यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

माझ्या गॅलरीतल्या दोरीवर रविवारपासून लाल मोजे लोंबताहेत. गुडघ्यापर्यंतचे, अख्ख्या संघाचे. जिना चढणारा प्रत्येक जण थांबून त्यांचं दर्शन घेतो. माझ्या साड्या दारावर वाळतात आणि तुझ्या दाजींचा पायजमा खुर्चीच्या पाठीवर. नोकरदार बाईला स्वतःच्या दोरीवर स्वतःची साडी घालता येऊ नये, याची दाद कुणाकडं मागायची? नगरपरिषदेत की फुटबॉलच्या संघटनेत?

स्पर्धेसाठी तुझ्या संघाच्या पोरी माझ्याकडं उतरल्या, त्याचा मला आनंदच झाला. जाताना त्या मोजे विसरल्या आणि तू फोन बंद करून गेलास. म्हणून हे पत्र. ते स्विच ऑफ करता येत नाही.

आता रविवारचं. शेवटची पाच मिनिटं, शून्य-शून्य. मागं खेळणारी आपली बॅक मोनाली चकली, चेंडू रिकाम्या गोलकडं निघाला. तेवढ्यात मुलींचे प्रशिक्षक, वय वर्षं सेहेचाळीस, कडेच्या रेषेवरून आत धावले आणि चेंडू हाणून थेट नगर रस्त्यावर घालवला. पंचानं तुला लाल कार्ड दाखवलं, समोरच्यांना पेनल्टी दिली, आपण हरलो. फटका सुरेख होता, असं दाजींचं मत आहे.

डेपोतल्या माझ्या चौकशीच्या खिडकीवर आता गाड्यांची चौकशी कुणी करत नाही. काल एका आजोबांनी तुझा व्हिडिओ लावून मोबाइल आत सरकवला आणि म्हणाले, बाई, ह्यो तुमचाच भाऊ हाय न्हवं? पारनेर गाडी ऱ्हाऊ द्या, हे बघा, पुन्यांदा लावतो. मी खिडकी बंद केली. मग थोडी उघडून मीही पाहिलं.

जेवतोस का वेळेवर? राग माझ्यावर काढलास तरी चालेल, माया कमी करू नकोस.

तुझी
सुषमाताई


दौंड, रेल्वे कॉलनी,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस सतीशचा शि. सा. न. वि. वि.

मोज्यांबद्दल दिलगीर आहे. बाकीच्याचं काय लिहू?

रेल्वेच्या संघात मी इतकी वर्षं स्टॉपर म्हणून काढली. आपल्या गोलच्या तोंडाशी उभं राहायचं आणि येईल तो चेंडू बाहेर घालवायचा, एवढंच काम. नोकरी त्या पायावर लागली, क्वार्टर त्या पायावर मिळालं. गोल मारणाऱ्यांचे फोटो छापून आले. माझा एकदाच आला, तोही पाठमोरा. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. रविवारी मात्र मला पोरगी दिसलीच नाही, फक्त चेंडू दिसला. ठरवून काही केलं नाही गं. पाय गेला, त्याच्यामागून मी गेलो.

संघटनेनं जिल्हा लीगचे तीन सामने मला कडेला उभं राहायला बंदी केली आहे. ते योग्यच झालं. पण मोनाली तेव्हापासून सरावाला आलेली नाही. आमची गोलकीपर करुणा तिचा निरोप घेऊन आली, की सरांना माझ्या जाग्यावर सोताच खेळायचं हाय, तर मी कशाला पायजे?

ताई, मागं खेळायला कुणी तयार नसतं. सगळ्यांना गोल मारायचा असतो. ही एकटी पोरगी पहिल्या दिवशी आपणहून म्हणाली होती की मी मागं उभी राहते. तीच गेली तर मी मैदानावर कशाला जाऊ? सोडून द्यावं म्हणतो. संध्याकाळची पाळी मागून घेतो, म्हणजे सरावाच्या वेळी तिकडं जायलाच नको. पाय एका जागी ठरत नाहीत. परवा डबे तपासताना प्लॅटफॉर्मवर पडलेली रिकामी बाटली मी रुळांत उडवली, आणि साहेब पाहत होते.

दाजींना नमस्कार. तू रागावत राहा, त्याचाच आधार आहे.

तुझा
सतीश


शिरूर,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सतीश यास अ. उ. आ.

तुझं पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, सोडायचं तर सोडू दे की त्याला. त्या दिवशी त्यांना दुसरा चहा मिळाला नाही.

तुला सोडता येतं का रे काही? माझ्या लग्नात वाढप्याच्या हातून जिलेबीचं ताट निसटलं, तेव्हा तू पंगत ओलांडून ते पायावर झेललंस. जिलेबी वाचली, पाक आमच्या चुलत सासऱ्यांच्या धोतरावर गेला. सासरी माझी ओळख अजून त्या धोतरावरून करून देतात.

गंमत राहू दे. बॅक चकतो, गोल होतो, तो पुन्हा उभा राहतो, हे तू मला इतक्यांदा ऐकवलं आहेस की खिडकीवर बसून मी ते पाठ म्हणेन. मग त्या पोरीला तू चकूसुद्धा का दिलं नाहीस? अख्ख्या तालुक्यासमोर तू दाखवून दिलंस की तिच्यामागं तुझा भरवसा नाही, तुझा पाय आहे. तिच्या जागी मी असते तर निरोपसुद्धा पाठवला नसता.

तिच्या घरी जा. एकटा जा. पेढे नेऊ नकोस आणि भाषणही नेऊ नकोस.

बोलले त्यातलं जास्त झालं असेल ते पोटात घाल.

तुझी
ताई


दौंड,
२३ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

फोन चालू केला आहे. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्रच बरं.

मोनालीकडं जाऊन आलो. तिचे वडील साहेबराव यांनी बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, सर, फटका मात्र एक नंबर! आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मी मान खाली घालून आतल्या दाराकडं बघत म्हणालो, की पोरी, माझं चुकलं, तो चेंडू तुझा होता. साहेबराव माझाच चहा पिऊन बसले.

मग ती दारात आली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. अट सांगितली. पुढच्या सामन्याला मी मैदानापासून लांब, पायऱ्यांवर सगळ्यात वर बसायचं. पायात बूट नकोत. ते सामन्याआधी काढून तिच्याकडं द्यायचे. तोंडातून आवाज काढायचा नाही. आणि म्हणाली, गोल झाला तर त्यो माझा, सर. तुमचा न्हाई.

मी आधी नाही म्हणालो. मग ती पुन्हा आत निघाली, तेव्हा हो म्हणालो.

सामना रविवारी १ तारखेला, आपल्या रेल्वेच्या मैदानावर. हरलो तर लीग संपली. तू ये. माझ्या शेजारी बस. मला धरून ठेवेल असं इथं कुणी नाही. आमचे रेल्वेचे साहेबसुद्धा घाबरतात.

येशीलच, हे धरून चाललो आहे.

तुझा
सतीश


शिरूर,
३ डिसेंबर २०२४

चि. सतीश यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोहोचले. दंडावर तुझ्या बोटांचे ठसे आहेत. दाजींनी काळजीनं विचारलं, सामना कुणाकुणात होता?

अंगठ्याची सूज उतरली का? त्या गडबडीत तुझ्याशी बोलायचं राहून गेलं. पोरी तुला घेरून नाचत होत्या, तू बर्फात पाय घालून बसला होतास, आणि माझी शेवटची गाडी चुकत होती. एक-शून्यनं जिंकलो, एवढं तुला माहीत आहे. पण शेवटी जे झालं, ते तू पाहिलं नाहीस. तू विचारलंही नाहीस. म्हणून लिहिते.

चेंडू मोनालीच्या मागं पडला, करुणा गोल सोडून पुढं आलेली, त्यांची ती उंच पोरगी सुसाट निघाली. तू उठलास. मी सदरा धरला, बटण माझ्या हातात राहिलं आणि तुझा उघडा पाय खालच्या पायरीवरच्या म्हाळूच्या लिंबू सरबताच्या खोक्यावर बसला. ग्लास फुटले, पुढच्या रांगेला अंघोळ झाली. म्हाळू ओरडला, मास्तर, हितं कुठं गोल हाय? तू अंगठा धरून खाली वाकलास.

तेव्हा, सतीश, मोनाली माघारी धावत अगदी गोलच्या तोंडाशी चेंडूपर्यंत पोहोचली. सगळं मैदान ओरडत होतं, काढ, काढ. मला वाटलं, आता तुझ्यासारखा हाणते आणि रुळांवर घालवते. तिनं चेंडूवर पाय ठेवला. नुसता ठेवला. मान वर करून बघितलं. आपल्याकडं नाही, मी नीट पाहिलं. ती उंच पोरगी अंगावर आली, तशी हिनं चेंडू टीचभर सरकवला. ती गेली घसरत जाळ्यात. मग हिनं बाजूच्या आपल्या पोरीला तो असा दिला, जसं कुणी वाटीभर साखर देतं.

हे तू तिला शिकवलेलं नाहीस. खेळातलं न कळणाऱ्या मलाही तेवढं कळलं. तुला याचा आनंद होईल की पोटात काही तुटेल, मला सांगता येत नाही. गाडीत न्हावऱ्यापर्यंत मला दोन्ही होत होतं.

तिला याबद्दल काही विचारू नकोस. सराव सोडू नकोस. पुढच्या सामन्यालाही वरच्या पायरीवरच बस, मी येते. तोवर माझ्यावरची माया आणि अंगठ्यावरची हळद, दोन्ही चालू ठेव.

तुझी
ताई

ता. क. म्हाळूकडं जायची गरज नाही. आज सकाळच्या दौंड गाडीच्या कंडक्टरबरोबर त्याचे ग्लास पाठवले आहेत. स्टीलचे.