रिंगखालचा हुंकार

ता. ११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय तोफ,

कॉलेजच्या बास्केटबॉल टीमने दिलेलं नाव तुला अजून चालतं असं धरून लिहिते.

कारण आधी, खुशाली मागून. माझ्या लेकीला मी उद्या तुझ्याकडे पाठवते आहे. निवड चाचणीपर्यंत ती तुझ्या घरी राहील, तू शिकवतेस त्या मुलींबरोबर खेळेल. सरावात तिचा बॉल चुकत नाही आणि मॅचमध्ये जाळीत पडत नाही. माझे सगळे उपाय संपले, म्हणून चार वर्षांचा अबोला मोडून लिहायला बसले.

खुशाली ठीक. यांचं दुकान चालतंय, गुडघा कुरकुरतोय. माझी एक दाढ काढली. तिच्याबद्दल पुढे येईलच.

तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती तुझ्या खांद्याला लागत होती. आता दारातून वाकून आत येते. टीममध्ये तिला शिडी म्हणतात. हात मात्र मी घडवलाय. कोपर रिंगच्या रेषेत, डावा हात नुसता टेकलेला, बॉल सुटला की मनगट सैल पुढे झुकलेलं. नाव ठेवायला जागा सापडणार नाही. तू शोधशीलच म्हणा.

आठवतं ना, क्लबच्या मैदानावर आपण दोघी मुलींना शिकवायचो, तेव्हा मी एकेकीचं कोपर धरून बसायचे आणि तू मागे पत्र्याचा डबा बडवत फिरायचीस. वर उशीने धक्के. "तुझ्या मुली चित्रासारख्या दिसतात गं," तू म्हणालीस, "पण चित्राला कुणी ढकलत नाही." मी म्हटलं, "आणि तुझ्या मुली नळावर भांडायला निघाल्यासारख्या दिसतात." तिथून आपलं फाटलं. कोण बरोबर होतं ते माझ्याकडून लिहून घेऊ नकोस.

तर ही मुलगी अंगणातल्या रिंगवर दहापैकी नऊ टाकते. मॅचमध्ये, फ्री थ्रोला, समोर कुणीही आडवं नसताना, दहापैकी तीन. अंतर तेच, हात तोच. मी सगळं तपासलं. झोप, खाणं, बुटाच्या नाड्यासुद्धा. "टेन्शन घेतेस का गं?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तू विचारलंस की घेते."

मग दाढ काढली. तोंडात कापूस, बोलायला बंदी. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी रिंगखाली जाऊन उभी राहिले. सराव बुडवायची पद्धत आमच्याकडे नाही. पडलेला बॉल उचलायचा आणि तिच्या छातीशी नेमका द्यायचा, हे माझं काम. त्या सकाळी तिचा एकही बॉल धड पडेना. कधी बोर्डाच्या कडेला, कधी रिंगच्या अलीकडे, एक तर थेट शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीत. ती आपल्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मला कळलं होतं. ती बॉल वर नेते तेव्हा मी "हं" म्हणते. त्यात हुकूम नसतो की शाबासकी, नुसता हुंकार. आठ वर्षं रोज सकाळी. तिचा हात त्या "हं"वर सुटायला शिकला होता. मॅचमध्ये ती रेषेवर उभी राहून वाट बघायची, काही ऐकू यायचं नाही, आणि मग उशिरा, घाईघाईने बॉल सोडायची. हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

तू असतीस तर तिथल्या तिथे सांगून मोकळी झाली असतीस. मी सांगितलं नाही. सांगितलं तर तेच डोक्यात बसेल, आहे तेही जाईल, अशी मी माझी समजूत घातली. कापूस निघाला. पुढच्या मॅचला मी प्रेक्षकांत न बसता बोर्डामागच्या बाकाच्या टोकाला बसले. तिला फ्री थ्रो मिळाला. तिने हात वर नेला, मी "हं" म्हटलं. पडला. दुसराही पडला. मॅच संपल्यावर धावत आली. "आई, जमलं! कशाने गं?"

मी म्हटलं, "कोपर सरळ ठेवलंस म्हणून."

हे लिहायचं टाळण्यासाठीच आधी दुकान आणि गुडघा लिहिला.

त्यानंतरच्या मॅचनाही मी तिथेच बसले. यांच्या लक्षात आलं. जेवताना म्हणाले, "दर फ्री थ्रोला तुला ढास लागते का?" मी म्हटलं, "जेवा."

पण ज्यांच्या लक्षात यायला नको होतं त्यांच्याही आलं. गेल्या रविवारी शेवटच्या मिनिटाला आमची टीम एका गुणाने मागे आणि हिला दोन फ्री थ्रो. ती रेषेवर आली, बॉल अजून पोटाशीच होता, तोच समोरच्या टीमच्या बाकावरून सगळ्या जणी एका सुरात म्हणाल्या, "हंऽऽ!" बॉल तिच्या हातातून निसटल्यासारखा सुटला. रिंगपर्यंतही गेला नाही. सगळा हॉल हसला. कुणीतरी ओरडलं, "शिडीच्या आईला बोलवा, बटण तिच्याकडे आहे!" पंचांनी शिट्टी मारून गप्प केलं. लेकीने बोर्डामागे पाहिलं. माझं तोंड अर्धवट उघडं होतं.

दुसरा बॉल तिने फेकून दिला, टाकला नाही.

घरी येताना निम्म्या रस्त्यात म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दाढ काढली तेव्हापासून."

"म्हणजे जे पडले ते माझे नव्हतेच."

"असं काय बोलतेस? हात तुझाच होता ना?"

"हात माझा, वेळ तुझी." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "आता मॅचला येऊ नकोस आई. अंगणातही नको."

तेव्हापासून बॉल पलंगाखाली आहे. ती जेवते, अभ्यास करते, माझ्याशी नीट बोलते. त्या नीट बोलण्याचीच मला धास्ती वाटते. आदळआपट केली असती तर मला ओरडता तरी आलं असतं.

वर लिहिलं की मी तिला पाठवते आहे. ते खरं नाही. तिने तुला आपणहून फोन केला आणि तुमचं परस्पर ठरलं, हे काल तिची बॅग भरलेली दिसली तेव्हा मला कळलं. विचारलं, "तोफमावशीकडेच का?" तर म्हणाली, "तिथे मला कुणी जपणार नाही." तरी मी पाठवते असंच लिहिलं. तेवढं माझ्याकडे राहू दे.

निवड होवो, न होवो. ती तुझ्याकडेही कुणाचा तरी आवाज शोधत राहील, तो मिळणार नाही, आणि एके दिवशी खेळ सोडून देईल, याची मला भीती वाटते. आणि आवाजावाचून टाकायला शिकली, तर रोज सकाळी मी काय करायचं, याचीही भीती वाटते. ही दुसरी तिला सांगू नकोस.

मला काय सुनवायचं ते खुशाल सुनव, पण पत्राने, तिच्या हाती निरोप नको. तिला मुळीच जपू नकोस. ताप आला तर मात्र जप. मी फोन करणार नाही. पोचली एवढं कळव.

तुझी,
एके काळची जोडीदार

उद्या सकाळच्या गाडीने सुपूर्द: लेक. तिचे बूट, घोट्याची पट्टी, दोन टॉवेल. बॉल मी बॅगेत घातला होता, तो तिने काढून ठेवला. आत्ता पाकीट चिकटवायच्या आधी पाहिलं, तर तो पुन्हा बॅगेत आहे. मी घातलेला नाही.