एक्क्याण्णव मार्कांची कंपनी

२ मार्च, सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. कारण: जबाबदारी.
अंगणातल्या झाडाची एक मोठी फांदी वाळत चाललीय. नेमकी तीच, जी बाबांच्या शेडसमोर सावली धरते. बाबा तिथे बसून लोकांच्या शिलाई मशीन दुरुस्त करतात. सावली गेली तर उन्हाळ्यात पत्र्याखाली बसायचं म्हणजे तव्यावर बसणं. आणि फांदी पडली तर विचारूच नका.
बाबा म्हणाले, झाडांचं काम करणारा बघ कुणीतरी, वाऱ्याचे दिवस यायच्या आत. नीट बघ. ताई म्हणाली, बाबा, याला सांगताय? बाबा म्हणाले, हो, यालाच.
'यालाच' अंडरलाइन केलंय.

३ मार्च
पॉलिसी ठरली. स्वस्त म्हणून कुणाला घ्यायचं नाही. किंमत नाही, व्हॅल्यू बघायची. लोक इथेच चुकतात.
शंभर मार्कांची एक्सेल शीट बनवली. हेल्मेट १५, युनिफॉर्म १५, रिपोर्टची जाडी २०, लेटरहेड १०, वगैरे. किमतीला फक्त ५. झाडाच्या माहितीला पण कॉलम होता, पण प्रिंट काढताना पानात बसेना.

दुपारी
मुद्दा: फांदी वाळतेच का? आपोआप काही होत नसतं. कुणाचा तरी हात आहे. शेजारच्या काकांच्या टाकीत आपल्या झाडाची पानं पडतात. मोटिव्ह आहे.

५ मार्च
पहिला उमेदवार. सायकलला शिडी बांधून आला. साठीच्या पुढचा. हेल्मेट नाही. डोक्याला पंचा.
पंधरा मिनिटं नुसता वर बघत उभा. मग चढला, फांदी जिथून फुटते तिथे हात फिरवला, उतरला. म्हणाला, आधी ही तार काढा, पार रुतलीय आत. मग महिनाभर बघू फांदी काय म्हणते ते. मी चार्जेस विचारले. म्हणाला, तार कापायला काय लागतंय, अर्ध्या दिवसाची मजुरी द्या.
तार म्हणजे माझा टी-वे, चहाचा रोपवे. रेकॉर्डसाठी लिहून ठेवतो: दीड वर्षापूर्वी मी स्वयंपाकघराच्या खिडकीपासून त्या फांदीपर्यंत स्टीलची तार ताणली. हुकाला चहाची किटली. आईने खिडकीतून सोडायची, किटली सर्रकन बाबांसमोर. आईची पायपीट वाचते. अंतर बरंच आहे (मोजलेलं नाही, पण जाणवतं). पहिल्याच फेरीत किटली एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर लँड झाली. तेव्हापासून प्रोजेक्ट होल्डवर. आई त्या तारेवर फडकी वाळत घालते.
तर, या माणसाला नेमकी तीच तार हवीय. एक नंबर स्टील. भंगारात भाव काय मिळेल? बस, कळलं.
११ मार्क. त्यातले ५ किमतीचे.

७ मार्च, सकाळी ६.१५
गच्चीवर. दुर्बीण. काका बादली घेऊन कुंपणापाशी आले.
६.१६: इकडे तिकडे बघितलं. बादली आपल्या झाडाच्या मुळाशी ओतली!!
६.३०: मुळाशी जाऊन वाटीत मातीचं सॅम्पल घेतलं. वास घेतला. मातीचा येतो. म्हणजे वास न येणारं विष. माणूस प्रोफेशनल आहे.
७.१०: आई विचारत होती आमटीची वाटी कुठे गेली.

९ मार्च
दुसरा उमेदवार फोनवर. म्हणाला, फांदी कशाला, अख्खं झाडच काढू, लाकूड आम्ही नेतो, तुमचा एक पैसा खर्च नाही. फुकट! फोन ठेवला. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. उचलून म्हणाले, झाड नाही काढायचं.

१२ मार्च
शिडीवाला रस्त्यावरून जाता जाता ओरडला, तार काढली का हो?
फॉलो-अप मार्केटिंग. ११ चे ९ केले.

१४ मार्च
सापडली! कंपनी. ट्री केअर. त्यांचे साहेब टॅब्लेट घेऊन आले. चहा पिताना पण हेल्मेट काढलं नाही. याला म्हणतात कल्चर. झाडाला त्यांनी 'असेट' म्हटलं. आम्ही इतकी वर्षं नुसतं 'झाड' म्हणत होतो.
किंमत ऐकून ताईला ठसका लागला. मी शीट दाखवली. ९१! ताई म्हणाली, अरे दीडशहाण्या, झाडावर कोण चढणार ते तरी विचारलंस का? तिला व्हॅल्यू समजावण्यात अर्थ नाही. ती तर भाजीवाल्याशीही घासाघीस करते.
अ‍ॅडव्हान्स माझ्या पहिल्या पगारातून भरला. तारीख २८ मार्च. त्याआधीचं बुकिंग फुल आहे. फुल म्हणजे डिमांड, डिमांड म्हणजे व्हॅल्यू.

१८ मार्च
काकांना समोरासमोर विचारलं. बादलीत काय असतं? म्हणाले, पाणी. कशाला? म्हणाले, अरे बाळा, ते झाड तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे, उन्हाळ्यात रोज एक बादली घालतो मी. तुझ्या बाबांना विचार.
बाबांना विचारलं. बाबा हो म्हणाले.
म्हणजे बाबांनाही गुंडाळलंय.

२१ मार्च
बाकी सगळ्या झाडाला पालवी फुटली. त्या फांदीवर नाही. बाबांनी स्टूल थोडं आत सरकवलं. विचारलं तर म्हणाले, आत अवजारं हाताशी असतात. दर दहा मिनिटांनी मान पुसत होते.
शिडीवाला फाटकाशी थांबून आईला सांगून गेला, वहिनी, रस वर चढायचे दिवस आहेत, ती तार तेवढी काढा. आई पक्कड घेऊन आली, म्हणाली, मी कापू का? मी आडवा उभा राहिलो. एक्स्पर्ट येईपर्यंत घटनास्थळाला कुणीही हात लावायचा नाही. आई म्हणाली, बरं बाबा, तुझं घटनास्थळ. आणि ओलं फडकं तारेवर टाकून आत गेली.

२८ मार्च
कंपनी आली. पाच हेल्मेट! ड्रोन उडवला. झाडावर कुणी चढलं नाही. गरजच काय, टेक्नॉलॉजी आहे. मी साहेबांना काकांबद्दल हळूच सांगितलं. त्यांनी टॅब्लेटवर काहीतरी टाइप केलं. आता बघा.

४ एप्रिल, सकाळी ११
रिपोर्ट आला. चौतीस पानं! जाडीला पैकीच्या पैकी.

११.५०
पान २९. फोटो. सालीत रुतलेली तार, तिच्यावर आईचं फडकं. खाली लिहिलंय: 'फांदी वाळण्याचं कारण: स्टीलची तार, अंदाजे दीड वर्षापूर्वी बांधलेली. बांधणारा: घरातीलच व्यक्ती. रासायनिक विषबाधा: आढळली नाही. शिफारस: फांदी पूर्ण काढणे (चार्जेस वेगळे).'
टायपिंग मिस्टेक असू शकते.

दुपारी १
नाही.

५ एप्रिल
रिपोर्ट उशीखाली ठेवला होता. ताईला सापडला. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. ते जास्त लागलं.
बाबांकडे गेलो. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? मशीनमध्ये तेल सोडत म्हणाले, शिडीवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं तेव्हा वाटलं होतं. मग काढली का नाही? म्हणाले, तू बांधली होतीस. माझ्या चहासाठी. वाटलं, तुला कळेल तेव्हा तूच काढशील.
मग म्हणाले, जरा उशीर झाला, एवढंच.

६ एप्रिल
शिडीवाल्याकडे गेलो. विचारून विचारून घर सापडलं. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं. त्याने एकच विचारलं, तार काढली का? नाही म्हणालो. त्याने शिडी उचलली.
तार कापायला दहा मिनिटं. फांदीवर मात्र तो बराच वेळ बसून होता. नखाने साल खरवडायचा, पुढे सरकायचा, परत खरवडायचा. म्हणाला, तारेच्या पुढचं सगळं गेलं. ते उतरवावं लागेल. मागचा हातभर तुकडा जिवंत आहे, तिथून फुटेल. कधी? म्हणाला, फांदी आहे ती, बिस्किट नव्हे. दोन वर्षं धरा.
मार्चमध्ये तार काढली असती तर? त्याने माझ्याकडे बघितलं आणि पंचा झटकला. म्हणाला, थोडी तरी वाचली असती.
संध्याकाळपर्यंत एकट्याने फांदी दोराने तुकड्या तुकड्याने उतरवली. शेडचा एक पत्राही वाजला नाही. मजुरी सांगितली तेवढीच घेतली. तारेचं नीट वेटोळं करून माझ्या हातात दिलं. म्हणाला, चांगली तार आहे, ठेवा.

७ एप्रिल, सकाळी ६.१५
कुंपणापाशी काकांच्या आधी बादली घेऊन उभा होतो. काका म्हणाले, आमटीची वाटीही आणलीस का? आईने सांगितलं असणार.

१२ एप्रिल, दुपारी ३
बाबा शेडमध्ये, पत्र्याखाली. समोर ऊन पडलंय, अगदी पांढरं. आईच्या हातातून कप घेतला आणि नेऊन दिला. न सांडता.
येताना अंतर मोजलं. स्वयंपाकघर ते शेड: अठरा पावलं.