फ्यूजमधली जाड तार

अण्णा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढूनही तुम्ही गेलात ते अंथरुणावर, यातच आई अजून समाधान मानते. आज तुमची आठवण आली ती मात्र मान खाली घालायला लावणारी.

मी आठवीत होते. अंबडच्या आपल्या भाड्याच्या घरात फ्यूज सारखा उडायचा. तुम्ही ड्यूटीवर, माझी परीक्षा तोंडावर. मी मेन स्विच पाडून फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळली. पुन्हा एकदाही उडाला नाही. मोठ्या तोऱ्यात तुम्हाला दाखवलं. तुम्ही तार उपसून माझ्या हातावर ठेवलीत. "फ्यूज बोंबलतो म्हून घर वाचतं, पोरी. तू त्याचं तोंडच दाबून राह्यली." भिंतीवरची वायर तोवर हाताला चटका देत होती.

आता मी मोबाइलची ॲप बनवते. गेल्या महिन्यात लाइनमन लोकांसाठी एक केलं. खांबाचा नंबर टाकला की नकाशा येतो, आणि लाइन चालू असेल तर वर लाल पट्टी. पण फोन आडवा धरला की ॲप बंद पडायचं. आडव्या पडद्याच्या लेआउटमध्ये ती पट्टी टाकायचीच राहिली होती. कोड तिला शोधायचा, हाती नल, म्हणजे 'काहीच नाही', यायचं आणि सगळं बसायचं. पट्टी टाकायला हवी होती. घाई होती, मी एक ओळ लिहिली: नल असेल तर सोडून पुढे चल. ॲप बंद पडेना. साहेबांनी पाठ थोपटली.

काल वाटूरहून एका लाइनमनचा फोन आला. नकाशा मोठा दिसावा म्हणून त्यानं फोन आडवा धरलेला. लाल पट्टी नाही, म्हणजे लाइन बंद, असं धरून शिडी लावली. "चढूनच राह्यल्तो मॅडम. आमच्या म्हाताऱ्या जोडीदारानं पाय धरला. म्हणला, मोबाइलचं काय सांगतो, आधी काठीचा टेस्टर लाव. लावला, तं लाइन चालू!" तो हसला.

ऑफिसात मी म्हटलं, नेटवर्कचं असेल. मग गुपचूप पट्टी टाकून अपडेट सोडलं.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून लिहिते. तशीच ओळ मी आणखी चार पडद्यांवर टाकली आहे. तिथं काय दिसायचं राहतंय ते अजून पाहिलेलं नाही. सकाळचे अकरा वाजलेत, तीर्थपुरीकडची माणसं खांबांवर चढली असतील. लॅपटॉप समोर आहे, आणि मी तुम्हाला लिहीत बसले आहे.