हौदामागचं डबकं

९ नोव्हेंबर १९७६, मंगळवार

मर्लचं नाव देणार! सीप्लेननं टपालाची पिशवी टाकली, तिच्यात पाण्यातल्या जिवांच्या अभ्यासक हॅडोबाईंचं पत्र. चारदा वाचलं. चुकीचं तर वाचत नाही ना, म्हणून बोट ठेवून पुन्हा वाचलं.

मी पाठवलेल्या बाटली नंबर ४१ मधला जीव जगात आजवर कुणी नोंदलेलाच नाही, म्हणतात. तांदळाच्या कणीएवढा, कोळंबीचा दूरचा भाऊबंद. फॉकलंडातल्या इतर कुठल्याही तळ्यात तो त्यांना दिसलेला नाही. बाटलीत पाच माद्या आणि एक नर. पण नराचा पाचवा उजवा पाय मोडलेला. या घराण्यातली जात त्या पायावरूनच ठरते — टोकाला आकडा असतो, त्याचा बाक कसा आहे ते पाहतात. तो धड मिळाल्याशिवाय छापता येत नाही. 'मला एक चांगला नर मिळवून द्या ऑस्मंड, तुमची हरकत नसेल तर त्याला मी तुमच्या पत्नीचं नाव देईन.'

हरकत! मर्ल म्हणायची, "तुझी ती पाण्यातली पिसवं जेवणाच्या टेबलावरून उचल आधी." आता तिच्याच नावाची पिसवं!

तिच्या थडग्यावर अजून लाकडी फळीच आहे. अक्षरं वाऱ्यानं निम्मी गेली.

११ नोव्हेंबर

४१ म्हणजे वरच्या माळावरचं तळं. घोड्यावरून गेलो. साठ वेळा जाळं ओढलं. सगळे नेहमीचे लाल जीव. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नर उलटा करून पाहिला — नेहमीचाच आकडा. सुईनं दोन पाय उगाच तोडले.

बाईंनी तीन वर्षांपूर्वी हे सगळं शिकवलं, पितळी सूक्ष्मदर्शक ठेवून गेल्या. मला आयुष्यात शाळा एकूण अकरा आठवडे. तीही फिरता मास्तर आमच्या बेटावर यायचा तेव्हा, आणि त्यातही मेंढ्यांची कातरणी निघाली की दांडी. अशा माणसावर कशाला भरवसा ठेवावा?

१५ नोव्हेंबर

पुन्हा वरचं तळं. काही नाही. छातीत कळ आली. थंडीची असेल.

१६ नोव्हेंबर

सकाळी दहाला रेडिओ. कुणाला डॉक्टरशी बोलायचं असो की पीठ मागवायचं असो, बोलायचं सगळ्या बेटांच्या कानांवर. माझ्या मूळव्याधीची हकिगत चाळीस घरांना पाठ आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरची थोरा तर रेडिओच्या वेळी चूल सोडून बसते.

"काय रे ऑस्मंड, मर्लच्या नावाची ऊ सापडली का? ओव्हर."

"ऊ नव्हे ती. ओव्हर."

"बरं बाबा, राणीसाहेब! सापडल्या का राणीसाहेब? ओव्हर."

बातमी हिला कुणी सांगितली? पत्र तर मी कुणाला दाखवलं नाही. सीप्लेनच्या पायलटपाशी बोललो असेन. बोललोच.

३ डिसेंबर

आठवलं. न आठवतं तर बरं होतं.

पंच्याहत्तरचा फेब्रुवारी. बोट तीन आठवडे उशिरा. जीव टिकवायचं स्पिरिट संपलं. वरच्या तळ्यातले जीव बाटलीत मरून कुजायला लागले. म्हणून दुसऱ्या एका भरलेल्या बाटलीतलं स्पिरिट काढून घेतलं, मर्लच्या जुन्या मोज्यातून गाळलं आणि ४१ मध्ये ओतलं. मोज्यात अडकलेला गाळ फेकून दिला. कुत्र्यानं चाटला.

मोज्याची वीण ती केवढी! कणीएवढे जीव सहज खाली जातात. बाईंनी किती बजावलं होतं — एका तळ्याचं पाणी दुसऱ्याला लावायचं नाही, जाळंसुद्धा वाळवून न्यायचं. तरी मी सरळ बाटलीच बाटलीत ओतली! आणि चिठ्ठीवर नाव एकाच तळ्याचं!

ती दुसरी बाटली कुठली, ते वहीत आहे. 'घरामागचं, हौदाजवळचं डबकं.' म्हणूनच तर तिचा बळी दिला होता. घरामागच्या डबक्यात काय असणार!

४ डिसेंबर

काल पुढचं लिहिलं नाही. हात धजला नाही.

मेंढ्या औषधात बुचकळून काढायचा हौद त्या डबक्याच्या वर आहे. मोसम संपला की हौदाचं बूच काढायचं, पाणी गटारातून समुद्रात जातं. त्या वर्षी गटार मधेच ढासळलं होतं. दुरुस्ती माझ्याकडे. मार्चच्या चौदा तारखेला निरोप आला, मर्लचं जास्त झालंय, दवाखान्यात निघून या. सीप्लेन खाडीत उभं. डगल मॅनेजर ओरडला, "काका, हौद रिकामा करून जा!" मी बूच काढलं आणि पळालो. गटाराचं त्याला बोललो नाही. बोललो असतो तर आधी ते खोदायला लागलं असतं.

विष सगळं डबक्यात गेलं असणार. मी पोचलो तेव्हा मर्लही गेली होती.

परत आल्यावर गुपचूप गटार खोदलं. डबक्याकडे पाहिलं नाही. आजवर पाहिलेलं नाही.

५ डिसेंबर

पाहिलं. तळ काळा. शेवाळाची एक काडी नाही. जाळ्यात नुसता चिखल.

२५ डिसेंबर

नाताळ. मटण. डगलकडे गेलो नाही, पोट दुखतं म्हणून सांगितलं.

बाईंना लिहायला बसतो आणि कागद चुलीत घालतो. लिहिलं तर मर्लचं नाव जाईल. नाही लिहिलं तर आज ना उद्या त्या वरच्या तळ्याचं नाव छापतील, पुढे कुणी तिथे शोधत बसेल आणि मला मेल्यावर शिव्या देईल. आणि मर्लच्या नावापुढे खोटा पत्ता!

११ जानेवारी १९७७

हॅडोबाई बोटीनं राजधानीत, स्टॅनलीला आल्या! रेडिओवर त्यांचाच आवाज. "ऑस्मंड, शनिवारी सीप्लेननं येते. वरच्या तळ्यावर तंबू ठोकू. घोडा तयार ठेवा. ओव्हर."

मी 'बरं' म्हणालो. बरं! गाढव!

शनिवारला चार दिवस. पत्र पोचणार नाही. राहिला रेडिओ. सगळ्या बेटांसमोर.

१३ जानेवारी

बोललो.

दहाला बटण दाबलं आणि कागदावर लिहून घेतलेलं वाचायला लागलो, तर चष्मा चुलीपाशी राहिलेला. तसंच तोंडानं सांगितलं. मोजा, बाटली, सगळं.

"म्हणजे जीव हौदाजवळच्या डबक्यातला?" बाईंचा आवाज उलट खुलला. "मग सोपंच झालं! तिथे जाऊ. ओव्हर."

"तिथे जाऊन उपयोग नाही, बाई. दोन वर्षांपूर्वी मी त्यात हौद सोडला. गटार फुटलेलं मला ठाऊक होतं. ओव्हर."

खरखर.

मग डगल मधेच घुसला, माझ्यापासून दोनशे पावलांवरच्या घरातून. "मला का नाही सांगितलंत, काका? चार माणसं लावून तासात खोदलं असतं!"

तासात. हे मला सुचलं नव्हतं.

बाई सावकाश म्हणाल्या, "मी आता येत नाही, ऑस्मंड. इतर बेटांवर जाते. तुम्ही शोधत राहा. माझी बोट अकरा फेब्रुवारीला. तोवर एक नर मिळाला तर नाव देता येईल. नाहीतर हे सहा जीव ओळख अनिश्चित म्हणून कपाटात जातील. ओव्हर."

शेवटी थोरा. "ऑस्मंड, निदान तो मोजा धुतला होतास का रे? ओव्हर."

हसू आलं. हसता हसता भलतंच झालं, बटण सोडून दिलं.

१८ जानेवारी

डबकं. काही नाही.

१९ जानेवारी

काही नाही. पाऊस आडवा.

२४ जानेवारी

डगल आला, काठावर उभा राहिला. "काका, कुणाला त्या किड्यांचं पडलंय? घरी चला, चहा घ्या." मी जाळं ओढत राहिलो. जाताना म्हणाला, "मर्लकाकूला आवडलं असतं का हो हे? किड्याला नाव?"

माहीत नाही. तिला विचारायला हवं होतं. तिला बरंच काही विचारायला हवं होतं.

१ फेब्रुवारी

एक पाणकिडा पोहताना दिसला! काठाला हिरवं बोटभर. बाईंनी एकदा सांगितलं होतं की त्या कणीएवढ्या जिवांची अंडी गाळात वर्षानुवर्षं पडून राहतात. पण विषात? ते विचारलं नव्हतं.

६ फेब्रुवारी

काही नाही. पायाला पाण्यानं चिरा पडल्यात. फक्त पाच दिवस. नाव कसं लिहितील, शेवटी लॅटिन शेपूट कसलं लावतील, सारखं तेच डोक्यात.

१० फेब्रुवारी

मिळाला. एकच नर. चार माद्या, अंड्यांच्या पिशव्या रिकाम्या. आणखी सत्तर वेळा जाळं ओढलं, दुसरा नर नाही. पाण्याच्या थेंबात जिवंतच पाहिला. उजवा पाय धड. असा बाक मी दुसऱ्या कशात पाहिलेला नाही.

स्पिरिटचं बूच काढून बसलो होतो. हा एकटा बाटलीत गेला, तर माद्यांच्या पिशव्या रिकाम्याच राहणार.

पाचही परत डबक्यात ओतले. दहाला बाईंनी विचारलं, "शेवटचं विचारते, ऑस्मंड. नर? ओव्हर."

"नाही, बाई. डबकं मेलंय. ओव्हर."

सगळ्यांनी ऐकलं.